ईव्ही स्कूटर, पंचगंगेचं पाणी आणि ६४० रुपयांचा सेन्सर : दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, रेंज किती, टॉप स्पीड किती, डिस्प्लेवर गाणी लागतात का असला हा रिव्ह्यू नाही, तसले शेकड्यानं आहेत. मला गाडी घेताना एकच प्रश्न होता आणि त्याचं धड उत्तर कुणी दिलं नाही, की पुराच्या पाण्यात ही चालणार का आणि चालली तर नंतर काय. शोरूममधला पोरगा म्हणाला, "सर आयपी सिक्स्टी सेव्हन आहे, बिनधास्त घाला." घातली. आता लिहितो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर मला भांडण नको, आणि दुसरं म्हणजे मी जे सांगणार आहे ते मागच्या चाकात मोटर आणि पायाखाली बॅटरी असलेल्या बऱ्याच स्कूटरांना लागू पडेल. गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली, त्याच वर्षी जूनमध्ये सबसिडी कमी झाली होती त्यामुळे वरचे पैसे बसले ते वेगळंच. तीन युनिटच्या आसपासची बॅटरी, बारा इंची चाकं, सपाट फूटबोर्ड, रिव्हर्स मोड. बास एवढंच स्पेसिफिकेशन.

मी कसबा बावड्यात राहतो आणि शिरोली एमआयडीसीत फौंड्रीच्या मशीनशॉपला कामाला आहे. जवळचा रस्ता बावडा-शिये, नदीवरून. आता ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांना सांगतो, हा रस्ता म्हणजे पंचगंगा जरा फुगली की बंद, मग तावडे हॉटेलवरून हायवे धरायचा आणि सांगली फाट्याकडं जायचं. आणि पूर मोठा असला की तो हायवे पण बंद, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा झालाय. जुलै लागला की आमच्याकडं माणसं एकमेकांना "जेवलास का" नाही विचारत, "राजाराम बंधारा कितीवर" विचारतात, नदीची पातळी तिथं मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोका पातळी, हे शाळेतल्या पोराला पण पाठ. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर.

२०२१ लाच माझी जुनी पेट्रोल स्कूटर पुरात सापडली. रमणमळ्यात मामाच्या पार्किंगला लावलेली, रात्रीत पाणी आलं, चार दिवस पाण्यात. ओसरल्यावर मेकॅनिक यायच्या आत मीच शहाणपणा केला आणि स्टार्टर मारला. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन पाण्याला दाबायला जातो, पाणी काय दबत नाही, मग कनेक्टिंग रॉडच वाकतो. वाकला. मशीनशॉपला काम करणारा माणूस आणि ही चूक, अजून कंपनीत टोमणे खातोय.

म्हणून ईव्ही. हिला हवा आत घ्यायला तोंड नाही आणि धूर सोडायला सायलेन्सर नाही, म्हणजे पाणी आत ओढून घेण्याचा प्रश्नच नाही. पेट्रोल स्कूटर पाण्यात घातली की ॲक्सिलेटर सोडता येत नाही, सोडला की सायलेन्सरमध्ये पाणी शिरून बंद पडते, त्यामुळं माणूस घाबरून रेस करत जातो, पुढचं दिसत नाही, खड्डा कुठाय चेंबर कुठाय कळत नाही, तरी थांबता येत नाही. ईव्हीला तसं नाही. पाण्यात मधोमध थांबा, पुढच्या रिक्षाला जाऊ द्या, परत हळू मूठ पिळा, गाडी निघते. माझ्या मते पाण्यात ईव्हीचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, आणि जाहिरातीत हा कुणी सांगत नाही, तिथं नुसतं गाडी फवारे उडवत जाताना दाखवतात.

आता ते आयपी ६७. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जात नाही. ही टेस्ट असते स्वच्छ, थांबलेल्या पाण्यात, नव्याकोऱ्या मालावर. दोन वर्षं खड्ड्यात आपटलेल्या गाडीच्या सीलवर नाही आणि गटाराच्या पाण्यात तर नाहीच नाही. आणि खरी गोम इथं आहे की हे ६७ बहुतेक ठिकाणी बॅटरीचं असतं, कुठं मोटरचं पण असतं, अख्ख्या गाडीचं नसतं. २०२२ ला स्कूटरांना आगी लागल्या तेव्हा सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत, त्यामुळं आताच्या बॅटऱ्या पाण्याच्या बाबतीत खरंच बऱ्या आहेत. पण बॅटरीपासून मोटरपर्यंत जाणारी वायर, तिचे जोड, ब्रेकच्या लिव्हरचा स्विच, स्टँडचा सेन्सर, चार्जिंगचं तोंड, हॉर्न, यांचं काय? शोरूममध्ये विचारा. पोरगा चहा मागवेल.

गाडी आल्यावर पहिल्या रविवारी मी टेप घेऊन मापं काढली, बायको म्हणाली पूजा झाली की आता पत्रिका पण काढताय काय. टायर ९०/९०-१२ चा, म्हणजे रिम साडेतीस सेंटीमीटर, वर-खाली रबर आठ-आठ, सगळं मिळून सत्तेचाळीसच्या आसपास. म्हणजे चाकाचा आस जमिनीपासून जेमतेम २३ सेंटीमीटरवर. मोटर मागच्या चाकातच, म्हणजे अर्ध्या वितीएवढ्या पाण्यात मोटर भिजायला लागते आणि वीतभराच्या वर पाणी आलं की जिथून वायर आत जाते तो आसच पाण्याखाली. फूटबोर्ड ३२ वर. मग मी पुढच्या शॉकॲब्जॉर्बरवर दोन टेपा मारल्या, २० सेंटीमीटरला पिवळी आणि ३० ला लाल. इशारा पातळी आणि धोका पातळी. गल्लीत सगळे हसले, नंतर दोघांनी येऊन आपल्या गाडीला पण मारून घेतल्या.

पहिला पावसाळा २०२४ चा. जूनमध्ये, जुलैच्या सुरवातीला नुसतं रस्त्यावर तुंबलेलं पाणी, पिवळ्या टेपेच्या खालचं. यात गाडीला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. आवाज नाही, धक्का नाही, चाकाखाली शेवाळ आलं तरी मूठ हळू पिळली तर घसरत नाही. दोन गोष्टी फक्त ध्यानात ठेवा. एक, पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक लागत नाहीत, हे सगळ्याच गाड्यांचं आहे पण ईव्हीत सवय झालेली असते की मूठ सोडली की गाडी आपोआप आवळते, म्हणून माणूस ब्रेक तपासतच नाही. बाहेर आलं की हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून सुकवून घ्यायचे. दोन, समोरून केएमटी (आमची सिटी बस) आली की थांबा. तुम्ही मोजलेलं पाणी एक फूट असतं, बसनं ढकललेली लाट दीड फूट असते, आणि ती बरोबर चार्जिंगच्या झाकणाला येऊन आपटते.

आणि हो, गाडीला आवाज नसल्यामुळं पाण्यातून चालणाऱ्या माणसाला मागून काय येतंय कळत नाही. एक आजोबा माझ्यामुळं दचकून पिशवीसकट बसले पाण्यात, टोमॅटो सगळे तरंगत गेले. ते मी गोळा करून दिले, चार कमीच भरले. तेव्हापासून हॉर्न मारत जातो.

मग जुलैचा शेवट. राधानगरी धरण भरलं, स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले, तिथला एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक, हे आकडे पण आमच्याकडं क्रिकेटच्या स्कोअरसारखे फिरतात, "पाचवा उघडला रे", "सहावा उघडला". नदी धोका पातळीच्या वर गेली, शेवटी ४७ फुटांच्या पुढं जाऊन थांबली. शियेचा रस्ता केव्हाच बंद. कंपनीला सुट्टी. आणि दुपारी मित्राचा फोन, शाहूपुरी कुंभार गल्लीतनं. "भावा पाणी आलं गल्लीत, गणपती हलवायचेत, गाडी घेऊन ये."

कुंभार गल्लीला नदीचं पाणी सरळ येत नाही, जयंती नाला मागं फुगतो आणि पाणी हळूहळू वर चढतं. म्हणजे पाण्याला ओढ नाही पण अख्ख्या शहराचं गटार त्यात. जुलैअखेर म्हणजे मूर्ती निम्म्या रंगवलेल्या, निम्म्या पांढऱ्या, ओल्या, आणि गणपती सात सप्टेंबरला. टेम्पो होता पण तो गल्लीत फिरेना, सगळ्यांना एकदमच हवा होता. मी बावड्यातनं सहा किलोमीटर फास्ट मोडमध्ये गेलो आणि गरम गाडी तशीच पाण्यात घातली. ही माझी पहिली चूक. कामावर आम्ही रोज बघतो, गरम जॉब कूलंटमध्ये टाकला की काय होतं. मोटर गरम असते, आतली हवा फुगलेली असते, गार पाण्यात गेली की हवा आक्रसते आणि सीलच्या बारीक फटीतनं पाणी आत ओढते. पंधरा मिनिटं गल्लीच्या तोंडाला चहा पीत थांबलो असतो तर पुढचे निम्मे पैसे वाचले असते.

मला वाटलेलं फूटबोर्डवर मूर्ती उभी करावी, दोन फुटी बरोबर बसते. मित्राची आजी दारातनं ओरडली, "अरं पायात नगं ठिवू देवाला!" बरोबरच होतं. मग मूर्ती सीटवर बसवली, खाली पोतं घातलं, मित्र मागनं दोन्ही हातानं धरून, आणि मी हँडल धरून गाडीच्या बाजूनं चालत. माझ्या गाडीला पार्किंगसाठी एक एकदम हळू मोड आहे, पुढं पण आणि मागं पण, माणूस चालतो त्या वेगानं जाते. पाण्यातली हातगाडीच झाली ती, हातगाडीला ढकलावं लागतं, हिला नाही. चेंबरचं झाकण कुठं आहे ते एक पोरगा पुढं काठीनं चाचपत जायचा. वळायला जागा नाही तिथं रिव्हर्स. पेट्रोल गाडीनं हे जन्मात झालं नसतं. गल्लीतली म्हातारी माणसं बघत होती, एकजण म्हणाला गणपतीनं यंदा उंदीर बदलला वाटतं.

पाणी गुडघ्याच्या खाली चार बोटं. लाल टेप दिसत नव्हती. दिसत नव्हती म्हणजे काय ते मला कळत होतं पण अशा वेळी कोण ऐकतंय.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला, सीटवर अडीच फुटाची मूर्ती, नेमकी रंगवून झालेली, पितांबर पिवळंधमक, आणि गल्लीच्या मधोमध गाडीचा जीवच गेला. गेला म्हणजे बंद नाही, डिस्प्ले चालू, लाईट चालू, बॅटरी ७१ टक्के, आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरात मेसेज, की साइड स्टँड खाली आहे, वर घ्या. स्टँड वर होता. मी पाण्यात हात घालून चाचपला, वर होता. पायानं खाली केला, वर केला, परत तेच. बंद करून चालू केली, तेच. मोटर ठीक, बॅटरी ठीक, आणि करंगळीएवढ्या सेन्सरला वाटतंय की गाडी स्टँडवर उभी आहे म्हणून तो मोटरला हलू देत नाही. गणपती सीटवर, मित्राचे हात अवघडलेले, मागं टेम्पोवाला हॉर्न मारतोय. शेवटी चौघांनी ढकलत नेली. मूर्तीला काय झालं नाही, पितांबराला माझ्या अंगठ्याचा ठसा लागला तेवढाच, तो त्यानं नंतर परत रंगवला.

तर इथं मला जे सांगायचंय ते. सगळं जग बॅटरीचं विचारतं, शॉक लागेल का, स्फोट होईल का. स्कूटरची बॅटरी बहुतेक ५०-६० व्होल्टच्या आसपासची, सीलबंद डब्यात, गडबड वाटली तर आतली सिस्टीम स्वतःहून लाईन तोडते. शॉकची भीती गाडीपेक्षा रस्त्याकडेच्या खांबाची आणि डीपीची जास्त. पाण्यात गाडी अडकते ती बॅटरीमुळं नाही, असल्या फुटकळ सेन्सरमुळं. स्टँडचा सेन्सर, ब्रेक लिव्हरचा स्विच, यातलं काहीही ओलं होऊन चुकीचा सिग्नल द्यायला लागलं की मोटर बंद, कारण सेफ्टी म्हणून तसं बनवलंय. रस्त्यावर ती सेफ्टी आहे, पण पाण्यात तोच घात. पूर येणाऱ्या गावात विकायची गाडी असेल तर यावर काहीतरी बटण, काहीतरी पळवाट द्यायला नको का? वर्षातनं चारदा सॉफ्टवेअर अपडेट येतं, त्यात नवीन थीमचे रंग येतात, हे येत नाही.

घरी आणली टेम्पोत घालून. लगेच चार्जिंगला लावायची नाही एवढं मला माहीत होतं, तसंही बावड्यात आमच्या भागात लाईट नव्हती, पाणी आलं की डीपी बंद करतात. झाकणं उघडून, चार्जिंगचं तोंड फडक्यानं पुसून, गाडी जिन्याखाली तिरकी उभी करून दोन दिवस नुसती वाळवली. बाकीच्यांना पण सांगतो, मी जिन्याखाली ठेवली ते सोडा, बुडालेली ईव्ही घरात, माणसं झोपतात तिथं ठेवू नका, उघड्यावर ठेवा. लिथियमच्या बॅटरीत पाणी गेलं तर ती लगेच पेटेलच असं नाही, काही दिवसांनी पण पेटू शकते. आणि समुद्राचं पाणी असेल तर जास्तच धोका, २०२२ ला अमेरिकेत फ्लोरिडाला इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना नंतर आगी लागल्या होत्या. कोकणातल्या, मुंबईतल्या मंडळींनी, जिथं भरतीचं पाणी मिसळतं तिथं, माझ्यासारखा नाद करू नये.

तिसऱ्या दिवशी स्टँडचा सेन्सर वाळून आपोआप शुद्धीवर आला आणि गाडी चालू. मी खूष. दहा दिवसांनी मागच्या चाकातनं कुरकुर सुरू झाली.

आता सर्व्हिस. इथं मात्र मार्क कापतो. फोन केला तर म्हणाले पुरातल्या गाड्या खूप आल्यात, नंबर लागेल. अकरा दिवसांनी लागला. उघडल्यावर मी समोर उभा राहिलो, नको म्हणत होते तरी. मोटरचं झाकण काढलं, बेअरिंगमधलं ग्रीस दूध घातलेल्या चहासारखं झालेलं, म्हणजे पाणी मिसळलेलं. वायर जिथून आत जाते तिथं रबराच्या बुचाखाली बारीक हिरवट थर, तांबं गंजल्याचा. स्टँडच्या सेन्सरच्या जोडात अक्षरशः गाळ, कुंभार गल्लीतली माती असेल, वास पण तसाच. बॅटरीचा डबा मात्र कोरडा ठणठणीत, कॉम्प्युटर लावून बघितलं, एकही फॉल्ट नाही, रेंज आज पण तेवढीच आहे. बॅटरी बनवणाऱ्याला माझा नमस्कार.

वॉरंटीत? नाही. "वॉटर इनग्रेस आहे सर." मी म्हटलं आयपी सिक्स्टी सेव्हन सांगून विकलीत ना. तर मॅनेजर म्हणाले ते बॅटरीचं आहे आणि बॅटरीला काहीच झालेलं नाही बघा. यावर काय बोलणार! त्यांचं बरोबर होतं आणि मला फसवल्यासारखं पण वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. सेन्सर ६४० रुपये. बाकी वायरिंगचा तुकडा, दोन बेअरिंग, सील, मजुरी, सगळं धरून बिल ८,०१२. पेट्रोल गाडीच्या इंजिनकामाला २०२१ ला याच्या दुपटीहून जास्त गेले होते, त्यामानानं हे स्वस्त म्हणायचं का हे ज्यानं त्यानं ठरवावं.

इन्शुरन्सबद्दल थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुरात एक रुपया मिळत नाही. फुल्ल असेल तर पूर त्यात धरलेला असतो, पण गाडीला हात लावायच्या आधी कळवायचं, फोटो काढायचे, सर्व्हेअर येईपर्यंत उघडायची नाही, आणि पाण्यात गेलेली गाडी जबरदस्तीनं चालू करायला गेलात तर त्यापायी झालेलं नुकसान त्यांच्या गळ्यात मारता येत नाही. मी क्लेम टाकला नाही, नो क्लेम बोनस जाईल म्हणून. मोठं नुकसान असतं तर टाकला असता. बॅटरीसाठी वेगळं कव्हर मिळतं, ते यंदा घेतलं.

एक गोष्ट मात्र पुरात ईव्हीच्या बाजूनं आहे आणि एक विरोधात, आणि दोन्ही एकच आहेत, ती म्हणजे चार्जिंग. २०१९ ला हायवे बंद पडला तेव्हा कोल्हापुरात पेट्रोल मिळेनासं झालं, पंपावर जे शिल्लक होतं ते ॲम्ब्युलन्स आणि बचावकार्याला राखून ठेवलेलं. ज्याची टाकी फुल्ल तो राजा. ईव्हीला पंप लागत नाही, पण लाईट लागते, आणि लाईट पेट्रोलच्या आधी जाते. म्हणून आता माझा नियम असा आहे, बंधारा ३९ झाला की गाडी शंभर टक्के चार्ज करायची आणि चार्जर काढून माळ्यावर टाकायचा. ४३ व्हायची वाट बघायची नाही. तेवढ्यावर गावातल्या गावात चार-पाच दिवस आरामात निघतात. २०२४ ला उपसा केंद्रात पाणी शिरून नळ बंद होतील म्हणून सगळे आधीच पाणी भरून ठेवत होते, त्या गडबडीत ही गाडी (स्टँडचं नाटक व्हायच्या आधी) फूटबोर्डवर वीस लिटरचे जार आणत होती, एका खेपेला एक, दोन ठेवले तर पाय कुठं ठेवायचे. पाणी पायात ठेवायला आजीची हरकत नव्हती.

वाहत्या पाण्याचं वेगळं लिहितो कारण पोरं रील बघून विचारतात. शियेच्या रस्त्यावर पाणी आलं की कडेला उभी राहून माणसं बघत असतात आणि एखादा हिरो गाडी घालतोच. तुंबलेलं पाणी आणि वाहतं पाणी यात गाडी कुठली आहे हे बघायचंच नसतं. सव्वाशे किलोची स्कूटर कोरड्यात जड वाटते, पाण्यात सीलबंद बॅटरीचा डबा, सीटखालची डिक्की, टायर, सगळं हवा भरलेलं, ती वर उचलली जाते. कुंभार गल्लीत थांबलेल्या पाण्यात सुद्धा मला मागची बाजू हलकी लागत होती, बाजूनं टेम्पो गेला की चाक जागचं सरकायचं. तिथं ओढ असती तर मी, मित्र आणि गणपती तिघंही वेळेआधी विसर्जित. वाहतं पाणी घोट्याच्या वर असेल तर गाडी वळवा. रिव्हर्स आहेच.

दुसरा पावसाळा २०२५. तो तर मे महिन्यातच टपकला, छत्री काढायच्या आधी. पण तोपर्यंत मी तयारी केलेली. कंपनीतनं थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे वायरच्या जोडात पाणी शिरू न देणारं, आणलं (स्टोअरवाल्याला सांगून, उगाच कमेंट नको), दिसतील तेवढ्या सगळ्या वायरच्या जोडांना भरलं. स्टँडच्या सेन्सरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचं टोपण करून दोन झिप टाय मारले. दिसायला गचाळ आहे, सर्व्हिसवाल्यानं बघून तोंड वाकडं केलं, पण ऑगस्टमध्ये परत पाणी चढलं तेव्हा दोन-तीनदा आसापर्यंतच्या पाण्यातनं गेलो, एकदाही स्टँडचा मेसेज आला नाही. लाल टेपेच्या वर परत गेलो नाही. मित्राचा फोन आलेला, मी म्हटलं येतो पण चालत येतो.

रेटिंग द्यायचंच तर पाण्याप्रमाणं देतो. पिवळ्या टेपेपर्यंत पाच पैकी पाच, यात पेट्रोल स्कूटर जवळपास पण नाही. पिवळी ते लाल, साडेतीन, गाडी जाते पण नंतर वाळवणं, ब्रेक सुकवणं, जोड तपासणं ही कामं तुमची, आणि गरम गाडी एकदम घालायची नाही. लालच्या वर एक, तो पण गणपतीपुरता. सर्व्हिसला दोन. शोरूममधल्या पोराला काही नाही, तो आता तिथं नाही, कार विकतो म्हणे.

घ्यावी का म्हणून विचारणाऱ्यांना, मी परत हीच घेईन, पण घेताना तीन प्रश्न लेखी उत्तरासकट विचारेन : पाण्यात किती मिलिमीटरपर्यंत चालते, ते ६७ नेमकं कशाकशाला आहे, आणि पाणी गेलं तर वॉरंटीत काय बसतं. काही कंपन्या आता मिलिमीटरचा आकडा छापतात, तो बघा आणि आपल्या गल्लीतल्या पाण्याशी ताडून बघा. तुमच्या पार्किंगला दरवर्षी कमरेएवढं येत असेल तर कुठलीच गाडी घेऊ नका, आधी वरची पार्किंगची जागा शोधा.

बाकी गाडी छान चालू आहे. फक्त चाळीसच्या पुढं गेलं की मागच्या चाकातनं अजून बारीक घूंऽऽ येतं. सर्व्हिसवाले म्हणतात टायरचा आवाज आहे. टायर मी डिसेंबरात बदललाय.